‘नको’ म्हणणारं मूल आणि होमस्टे कोऑर्डिनेटर

अठरा वर्षांखालचं मूल आईवडिलांशिवाय ऑस्ट्रेलियात शिकायला जातं आणि होमस्टेत, म्हणजे तिथल्या एखाद्या कुटुंबाच्या घरी, राहतं, तेव्हा त्याच्या राहण्याची आणि देखभालीची हमी बहुतेक वेळा शाळा लेखी देते. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांसाठीची तिथली नियमावली, नॅशनल कोड २०१८, हिच्या पाचव्या स्टँडर्डप्रमाणे शाळेने घर आधी तपासायचं आणि नंतर दर सहा महिन्यांनी निदान एकदा. हे काम होमस्टे कोऑर्डिनेटरचं. माझं ठाम मत आहे की सहा महिन्यांची वाट बघणारा कोऑर्डिनेटर नियम पाळतो, पण मुलाला सांभाळत नाही. पहिली भेट दहा दिवसांच्या आत हवी, दुसरी दीड महिन्याच्या आसपास.

याचं कारण आपल्या ‘नको’मध्ये आहे. आपल्याकडे मूल पहिल्यांदा ‘नको’ म्हणतं, मग ‘अगदी थोडं’ म्हणतं, आणि वाढणारी काकू वाढतेच. मेलबर्नच्या घरात ‘नको’ म्हणजे नको. होस्ट एकदा विचारते आणि मुलाचा मान राखून पुन्हा विचारत नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला जेवण उरकतं. नाश्ता आणि डबा बऱ्याच घरांत मुलाने स्वतः करून घ्यायचा असतो, पण फ्रिज विचारल्याशिवाय उघडायचा की नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग ते रात्री बिस्किटं खाऊन झोपतं. वाईट कुणीच वागलेलं नसतं, तरी मूल उपाशी असतं.

अशा मुलाला होस्टच्या स्वयंपाकघरात बसवून ‘सगळं ठीक ना?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येणार. शाळेत, एकट्याला बसवून, साधे प्रश्न विचारा. काल रात्री काय जेवलास, किती वाजता? डब्यात काय होतं? घराची किल्ली तुझ्याकडे आहे का? आंघोळीला किती मिनिटं मिळतात? (चार-पाच मिनिटांत उरका असं सांगणारी घरं तिथे बरीच आहेत. तिथल्या दुष्काळाने लावलेली ती सवय आहे. आधी सांगितलं नाही तर मुलाला तो अपमान वाटतो.) जुलैत, तिथल्या हिवाळ्यात, खोलीतला हीटर रात्री चालू ठेवता येतो का?

‘व्हेजिटेरियन’ एवढ्या एका शब्दावर घर ठरवू नये. तिथे त्यात अंडं बहुधा गृहीत असतं आणि काहींच्या मनात मासेही. अंडं, प्राण्यांपासून बनणारं जिलेटिन, मांसाचाच तवा चालेल का, हे फॉर्मवर वेगवेगळं विचारलेलं असावं.

फोनचंही तसंच. पुण्यात रात्रीचे आठ म्हणजे मेलबर्नला साडेबारा, आणि तिथल्या उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे गेलं की दीड. आईबाबा जेवणं आटोपून निवांत फोन करतात, होस्ट आवाजाची तक्रार करते, शिक्षक वर्गातल्या डुलक्यांची. कोऑर्डिनेटरने पहिल्याच आठवड्यात पालकांशी बोलून वेळ ठरवून द्यावी. आपल्याकडे दुपारी साडेतीन ही उत्तम वेळ. तेव्हाच तिकिटाचंही सांगावं: शाळेच्या पत्रातली देखभालीची तारीख सुरू होण्याआधी मुलाला देशात प्रवेश नाही. स्वस्त मिळालं म्हणून दोन दिवस आधीचं तिकीट काढू नका.

सगळ्यात कठीण म्हणजे घर अचानक मोडणं. होस्ट आजारी पडते, किंवा मूल तिथे सुरक्षित नाही असं दिसतं. मुलाच्या व्हिसावर ८५३२ ही देखभालीची अट असते, आणि शाळेला हमी पुढे चालू ठेवता येत नसेल तर २४ तासांत तिथल्या गृहखात्याला कळवावं लागतं. त्या रात्री नवीन घर शोधून त्यातली मोठी माणसं मुलांजवळ राहायला योग्य आहेत का याची तपासणी करून घेणं अशक्य. तपासणी पूर्ण झालेली दोन रिकामी घरं कायम हाताशी हवीत. डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत तर हवीतच, कारण तेव्हा होस्टही सहलीला जातात. एकाच माणसावर मुलांचा ढीग टाकून शाळा पैसे वाचवतात, तिथे नेमकी ही घरं नसतात.

म्हणून पालकांनी प्रवेश घेण्याआधी शाळेला विचारावं: एका कोऑर्डिनेटरकडे किती मुलं आहेत, रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं, आणि आज घर मोडलं तर माझं मूल आज कुठे झोपेल?