तात्पुरता अधिभार

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. उसनवारी झाली की मला झोप लागत नाही, हप्त्यावर घेतलेल्या फ्रीजमधलं पाणी मला कोमट लागतं आणि हॉटेलात मेन्यूकार्ड मी उजवीकडून वाचायला घेतो. अशा माणसाने खरं तर राज्याचा अर्थसंकल्प वाचू नये. डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं, पापड-लोणचं बंद केलं. अर्थसंकल्प बंद करायचं तेवढं राहून गेलं.

२०२५-२६ चे आकडे पेपरात आले तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. खर्च सात लाख कोटी. महसुली तूट ४५,८९१ कोटी. राज्यावरचं कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे. बायको म्हणाली, "तुम्हाला कुणी जामीन राहायला सांगितलंय का?" आता हिला काय सांगणार? जामीनच तर आहोत आपण सगळे. फक्त सही कधी केली ते आठवत नाही.

सहीवरून आठवलं. वडील गेल्यावर सोसायटीतला फ्लॅट माझ्या नावावर करायचा होता. सेक्रेटरींनी कागदपत्रांची यादी दिली, त्यात एक हमीपत्र होतं, मुद्रांकावर. मी खिशात शंभराची नोट घालून निघालो, कारण शंभराच्या स्टँपवर जगातलं कुठलंही काम होतं, अशी आमच्या पिढीची श्रद्धा.

"शंभरचं बंद झालं साहेब," स्टँपवाला वर न बघता म्हणाला. "ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे."

"अहो, मजकूर तोच आहे."

"मजकुराचे कुठे मागतंय सरकार?"

बरं, पाचशेचा कागदही त्याच्याकडे संपला होता. शंभराचे पाच होते. ते चालतात, पण नियम असा की जेवढे कागद लावाल तेवढ्या प्रत्येक कागदावर मजकूर थोडा तरी हवा. आमचं हमीपत्र अकरा ओळींचं. शेजारच्या टपरीतल्या टायपिंगवाल्या ताईंना हे रोजचंच असावं. त्यांनी आधी ओळींमधलं अंतर दुप्पट केलं, मग तिप्पट, मग अक्षरं लग्नपत्रिकेएवढी केली. पहिल्या कागदावर माझं नाव, वय, धंदा, पत्ता. दुसऱ्यावर 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की'. तिसऱ्यावर वडील वारले. चौथ्यावर पुढे काही वाद निघाल्यास त्याची जबाबदारी माझी. पाचव्यावर नुसती सही. वडिलांबद्दल इतक्या ऐसपैस जागेत त्यांच्या हयातीत कुणी लिहिलं नव्हतं.

सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक लागतच नाही, ही माफी २००४ पासून आहे, हे मला नंतर कळलं. तरी खिडकीवरून लोकांना स्टँप आणायला पाठवायचे, आणि 'पाठवू नका' हे पुन्हा एकदा वरून सांगायची वेळ आली. माफी द्यायची आणि त्याची जाहिरात करायची नाही, एवढी एक काटकसर सरकारला जमते. बाकी दीड हजाराच्या योजनेला अख्खं पान जाहिरात.

माझा राग कर भरण्यावर नाही, हे आधीच सांगतो. रस्ते, पाणी, पोलीस हे काही झाडाला लागत नाहीत. माझा राग आहे तो कर निवृत्त होत नाहीत यावर. मी अठ्ठावन्नाला निवृत्त होणार. ज्या कारणासाठी कर बसवला ते कारणही केव्हातरी निवृत्त होतं. कर मात्र मुदतवाढीवर मुदतवाढ घेत खुर्चीतच.

पेट्रोलचंच घ्या. २०१५ च्या सप्टेंबरअखेरीस दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे दोन रुपये अधिभार बसला. दारू, सिगारेट, दागिने यांच्यावरही बसला, पण त्यांच्याशी माझा संबंध नाही. पेट्रोलशी आहे, माझी जुनी स्कूटर आहे. तेव्हा मी कुरकुर केली नाही. मराठवाड्याची दैना खरोखरच झाली होती. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. दोन रुपये काय, चार घ्या म्हटलं. मग २०१६ मध्ये पावसाने हात दिला. दुष्काळ गेला. दोन रुपये गेले नाहीत, उलट त्यांना भावंडं झाली.

त्यातलं एक भावंड तर मी जन्मात विसरणार नाही. सुप्रीम कोर्टाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद करायला लावली, १ एप्रिल २०१७ पासून. चांगलं झालं, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. त्याच महिन्यात राज्याने ही महसुलाची खोट भरून काढायला पेट्रोलवरचा अधिभार तीन रुपयांनी वाढवून नऊवर नेला. म्हणजे मी, ज्याने सत्यनारायणाच्या तीर्थापलीकडे काही प्यायलं नाही, तो बंद दुकानातल्या न विकलेल्या दारूचा कर स्कूटरच्या टाकीत ओतत होतो. मेहुण्याला हे सांगितलं तर त्याला माझी दया आली. "भावजी, निदान एक घोट तरी घ्यायचा होता."

२०२२ च्या जुलैत नव्या सरकारने पेट्रोल पाच रुपयांनी उतरवलं, ते नाकारत नाही. तरी आज २५ टक्के व्हॅटच्या वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे आहेतच. त्या बारा पैशांपुढे मात्र माझे हात जुळतात. मंत्रालयात कुठेतरी एक माणूस बसलेला आहे, जो पाच रुपयांवर थांबू शकला असता, पण त्याने बारा पैसे सोडले नाहीत. इतका हिशेबी माणूस जमेच्या बाजूला का कुजवतात? त्याला खर्चाच्या बाजूला बसवा की.

व्यवसाय करही त्याच्याच हातचा असणार. पगारातून दरमहा दोनशे कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे. कितीतरी वर्षं मला वाटायचं, फेब्रुवारी लहान म्हणून दंड असेल. तसं नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ ने या कराला मर्यादा घातली आहे, वर्षाला २,५०० रुपये. दोनशे गुणिले बारा होतात चोवीसशे. मग घटनेने दिलेले शंभर रुपये सोडायचे कसे? ते फेब्रुवारीच्या डोक्यावर ठेवले. राज्यघटनेच्या इतक्या काठोकाठ जाऊन पालन केलेलं दुसरं कलम मला कुणी दाखवावं.

गंमत अशी की या कराचा जन्म मात्र सोन्यासारखा आहे. माझे वडील तासगावकडचे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. तिकडच्याच विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा लागणार, म्हणून १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर हा व्यवसाय कर आला. वडील तो अभिमानाने भरायचे. "आपल्या पैशाने कुणाच्या तरी चुलीला जाळ लागतो," म्हणायचे. पुढे २००५ मध्ये केंद्राने हीच योजना उचलून देशभर कायदा केला आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. भार गेला, पण कर इथेच राहिला. मी पगाराच्या स्लिपकडे बघून अभिमान आणायचा प्रयत्न करतो. फेब्रुवारीत विशेष.

आता खर्चाकडे येतो, आणि इथे मला जपून बोलावं लागतं, कारण आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी लाडक्या बहीण आहेत आणि त्या सुट्टी न सांगता घेऊ शकतात. जुलै २०२४ पासून महिना दीड हजार. नंतर निवडणुकीत एकवीसशेचं वचन. २०२५-२६ साठी तरतूद ३६,००० कोटी. मी एकदा धाडस करून म्हणालो, "मावशी, हे पैसे सरकार कर्ज काढून देतंय."

"कुणाच्या नावावर?"

"राज्याच्या."

"मग बरंय. माझ्या नावावर बचतगटाचं आहे तेवढं पुरे."

मी त्यांना समजावलं की गरजूला मिळतंय त्याला माझी ना नाही; पण आधी निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईने सगळ्यांना वाटायचं आणि मतं पडल्यावर चाळणी लावून बसायचं, ही कुठली रीत? घरात पाहुणा जेवून उठल्यावर त्याला आमंत्रण होतं का, असं विचारतं का कुणी? मावशींनी पातेलं घासता घासता सगळं ऐकून घेतलं. त्यांचं ईकेवायसी तीनदा अडकलं होतं, त्यामुळे या मुद्द्यावर आमचं एकमत झालं. मग त्यांनी विचारलं, "दादा, माजी आमदाराला पेन्शन किती हो असती?"

"पन्नास हजार."

"वर्षाला?"

"महिन्याला. एकदाच निवडून आला असला तरी."

मावशींनी पातेलं पालथं घातलं. "मग लाडकं कोण? मी का त्यो?"

या प्रश्नाला माझ्यासारख्या काटकसरीच्या पक्षकाराकडे उत्तर नाही, कारण मी दोन्हींच्या विरोधात आहे आणि मला दोन्हींपैकी एकही मिळत नाही.

त्यानंतर महापालिकेच्या निवडणुका आल्या आणि एक तरुण उमेदवार सोसायटीच्या आवारात येऊन उभा राहिला. पांढरा कुर्ता, मागे सहा पोरं, त्यातलं एक मोबाइलवर चित्रण करणारं. आमची माणसं खाली उतरली. रोज संध्याकाळी कट्ट्यावर हीच मंडळी फुकट वाटपाने राज्य बुडालं म्हणून हळहळतात, तेव्हा आज याची हजामत होणार, असं मी धरून चाललो होतो. पहिल्या मजल्यावरचे आजोबा पुढे झाले. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाल्यापासून ते महिन्यातून एकदा पंढरपूरला जाऊन येतात, आणि परत आले की रेवडीवर बोलतात. त्यांनी बाकं मागितली, वर पत्र्याची सावली असलेली. मग कुणी पेव्हर ब्लॉक मागितले, जे दोनच वर्षांपूर्वी बसवले होते, पण रंग आवडला नव्हता. वहिनींच्या भिशीमंडळाने योगासाठी हॉल मागितला. कुणीतरी मागून घरपट्टी निम्मी करा म्हणून ओरडलं, आणि त्याच माणसाने लगेच दिवसातून दोनदा पाणीही मागितलं. तरुण सगळ्याला मान डोलावत होता. "होऊन जाईल" एवढे दोनच शब्द त्याला येत असावेत, आणि राजकारणात तेवढे पुरतात.

शेवटी मला राहवेना. मी म्हणालो, "घरपट्टी कमी करणार, बाकं देणार, हॉल देणार. पैसे कुठून आणणार?"

आवारात एकदम शांतता झाली. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची बाकं उचलून नेतोय. चित्रण करणाऱ्या पोराने मोबाइल खाली घेतला. तरुण मात्र जराही गडबडला नाही. तो दोन पावलं पुढे आला, वाकून माझ्या पायाला हात लावला आणि प्रेमाने म्हणाला,

"काका, पैशाची काय काळजी करता? तुमचेच आहेत की!"

सगळे हसले. टाळ्याही पडल्या. सेक्रेटरींनी त्याला आणि त्याच्या सहा पोरांना चहा पाजला, सोसायटीच्या खात्यातून.