जमिनीखालचे तेल आणि पाकिटावरचा पत्ता

माझ्या माहेरच्या भावकीत सध्या एकच वाद गाजतो आहे. वडिलोपार्जित जमिनीच्या वारसनोंदीची नोटीस परदेशातल्या दोन वारसांपर्यंत पोहोचली नाही आणि फेरफार मंजूर झाला. वारस जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याला शोधून कळवणे हे सरकारचेच काम, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. मिनेसोटात बसून हा वाद ऐकताना मला मात्र एका परत गेलेल्या पाकिटाची छायाप्रत आठवत राहते. तिच्यावर टपाल खात्याची पिवळी चिठ्ठी होती: पुढे पाठवता येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत.

ते पाकीट माझ्या पतीच्या नावाचे होते. अमेरिकेत जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि खालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. त्यांच्या आजोबांनी उत्तर डकोटातल्या मॅकेन्झी काउंटीमधली शेती विकली, पण खालचे हक्क राखून ठेवले, आणि वाटण्या होत होत त्यातले अडीच एकर आमच्याकडे आले. तेलविहिरीचे क्षेत्र 1280 एकरांचे आणि स्वामित्वधन, म्हणजे तेलाच्या किमतीतला हक्कदाराचा वाटा, एक षष्ठांश, म्हणून तेलकंपनीच्या कागदावर आमचा वाटा 0.00032552 असा लिहिलेला असतो. दहा लाख डॉलरचे तेल निघाले तर आम्हाला सव्वातीनशे डॉलर मिळतात. एवढ्याशा आकड्यासाठी पत्त्याची चिंता कोण करतो, असे आम्हालाही वाटले होते.

घर बदलल्यावर आम्ही टपाल खात्यात पत्ताबदलाचा अर्ज भरला आणि निश्चिंत झालो. तो अर्ज साधारण वर्षभरच चालतो. त्यानंतरचा धनादेश परत गेला, कंपनीने आमचे खाते स्थगित केले, आणि दोन वर्षांनी चौकशी केली तेव्हा त्या पाकिटाची छायाप्रत आम्हाला ईमेलने आली. पैसे बुडाले नव्हते, नुसते अडकून पडले होते. असे पैसे कायमचे कंपनीकडे राहत नाहीत; उदाहरणार्थ, टेक्सासमध्ये ते तीन वर्षांनी बेवारस मानून राज्याकडे जमा करावे लागतात. तिथून ते मागता येतात, पण आपले काही पडून आहे हे आधी आपल्याला ठाऊक असावे लागते.

खरा धोका होता तो आमच्याच दुसऱ्या, विहीर नसलेल्या तुकड्याला. उत्तर डकोटाच्या कायद्यानुसार खनिजहक्क 20 वर्षे वापरात नसेल, म्हणजे उत्पादन नाही, नोंदवलेला भाडेपट्टा वा हस्तांतर नाही आणि हा हक्क आपला असल्याचे सांगणारे दाव्याचे निवेदनही नाही, तर पृष्ठभागाचा मालक तो हक्क सोडून दिलेला ठरवून आपल्या नावे करून घेण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो. त्यासाठी त्याने काउंटीच्या अधिकृत वृत्तपत्रात लागोपाठ तीन आठवडे सूचना छापायची आणि नोंदीतल्या पत्त्यावर ती टपालाने पाठवायची. हक्कदाराला पहिल्या सूचनेपासून 60 दिवसांत निवेदन नोंदवता येते. तिथल्या न्यायालयाने लावलेला अर्थ तर अधिकच बोचरा आहे: नोंदीत पत्ता असेल तर त्या पत्त्यावर पाठवले की पुरे, अधिक शोधाशोध करण्याचे बंधन नाही. पत्ता नोंदीतच नसेल तर मात्र वाजवी चौकशी करावी लागते. थोडक्यात, जुना पत्ता नोंदीत राहू देणे हे पत्ता मुळीच नसण्यापेक्षाही महागात पडू शकते.

खासगी मालकीचे एवढे कौतुक असलेल्या देशातही स्वतःला सापडण्याजोगे ठेवण्याचा भार मालकावरच आहे, हे मला पटते. वृत्तपत्रातली सूचना मात्र मला पटत नाही. पाचशे मैल दूर राहणारा वारस ते वृत्तपत्र कधी उघडणार? आपल्या चावडीवर डकवलेल्या नोटिशीहून ते काही फारसे वेगळे नाही.

महाराष्ट्रात खनिजे जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार राज्याकडे राखीव आहेत, त्यामुळे खनिजहक्काच्या पत्त्याचा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. जमिनीचा मात्र रोज पडतो. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकारणी, पीक हे सारे असते, पण तो राहतो कुठे हे नसते. जुन्या काळी त्याची गरजही नव्हती, कारण गावात पत्ता म्हणजे माणूस होता: अमक्याची मुलगी, तमक्याची बहीण. माझी नोटीस आजही भावाच्या हाती पडते आणि तो मला फोन करतो. ही सोय माझे आणि भावाचे पटते तोवरच चालणार, आणि नोटिशीची खरी गरज पडते ती पटेनासे झाल्यावर. म्हणून शासनाने वारसांना शोधत जगभर हिंडावे या मागणीपेक्षा, अधिकार अभिलेखात खातेदाराच्या पत्त्याचा रकाना ठेवावा, तो बदलण्याची सोय द्यावी आणि त्या पत्त्यावर पाठवल्याची पोच फेरफाराला जोडणे सक्तीचे करावे, ही मागणी मला अधिक रास्त वाटते. रकाना अद्ययावत ठेवणे हे मग आपले काम.

आमच्या घरी आता एक वही आहे. तिच्यात प्रत्येक तेलकंपनीचे नाव, मालक क्रमांक आणि पत्ता कळवल्याची तारीख लिहिलेली असते, कारण एकीला कळवलेले दुसरीला कळत नाही. विहीर नसलेल्या तुकड्याचे निवेदन काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नव्या पत्त्यासह दाखल केले आहे. त्याच आठवड्यात मी माहेरच्या तलाठ्यांनाही माझा मिनेसोटाचा पत्ता रजिस्टर टपालाने कळवला. उत्तर आले नाही. पंधरा दिवसांनी भावाचा फोन आला: "अगं, तलाठी विचारत होते, ताईंनी घर बदललं का?"