‘गिटारचं पेडल सिंथला लावू नका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डिले पेडलवरच्या, म्हणजे वाजवलेला स्वर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या छोट्या यंत्रावरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातल्या दोन गोष्टी आधी पेडल समोर ठेवून तपासायच्या होत्या. आज दुपारी ते झालं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सिंथवर (सिंथेसायझरवर) पहिलंच डिले पेडल घेत असाल तर ३०० मिलिसेकंदांच्या आसपासचं साधं अ‍ॅनॉलॉग घ्या, असं मी लिहिलं होतं. तुमच्या भाच्याने ते वाचून तसं पेडल आणलं, कॉर्ग मिनिलॉग या सिंथला लावलं आणि आवाज फाटला. त्यावर तुमचं म्हणणं असं: गिटारची पेडलं सिंथसाठी नसतातच, सिंथच्या मोठ्या सिग्नलने, म्हणजे लाइन लेव्हलने, ती जळतात. सिंथला मिडी (वाद्यांना एकमेकांशी जोडणारी संदेशपद्धत) आणि स्टिरिओ असलेलं डिजिटल डिलेच हवं. अ‍ॅनॉलॉगचा ‘उबदारपणा’ ही अंधश्रद्धा आहे. आणि कॉम्प्युटरमध्ये तेच काम करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, फुकट मिळत असताना शिकणाऱ्या मुलाला खर्चात का पाडायचं?

पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे. लेव्हलबद्दल मी त्या लेखात एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. मी स्वतः इतकी वर्षं सिंथचा व्हॉल्यूम कमी ठेवूनच पेडलमध्ये जातो की ते सांगायला हवं हे डोक्यातच आलं नाही. भाच्याला जो त्रास झाला तो त्या एका ओळीच्या अभावी झाला, त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

पण पेडल जळत नाही. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल लहान असतो. व्यावसायिक लाइन लेव्हल, म्हणजे ज्याला +४ डीबीयू म्हणतात ती, सुमारे १.२३ व्होल्ट असते. तीन-चार स्वर एकदम दाबले, फिल्टर (वरचे सूर अडवणारा भाग) उघडला, रेझोनन्स चढवला, की सिंथची टोकं त्याच्याही बरीच वर जातात. ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलमध्ये सिग्नलला वर-खाली हलायला जागा मर्यादित असते आणि आतल्या डिलेच्या चिपला त्याहूनही कमी. जागा संपली की लाटेचे माथे कापले जातात, आणि आपल्याला आवाज फाटलेला ऐकू येतो. व्हॉल्यूम खाली आणला की पेडल पुन्हा पहिल्यासारखं. मॉड्युलर सिंथची (सुटे भाग वायरींनी जोडून केलेल्या सिंथची) गोष्ट वेगळी. तिथे सिग्नल टोकापासून टोकापर्यंत दहा व्होल्टच्या घरात असतो, तो अ‍ॅटेन्युएटरने (सिग्नल लहान करणाऱ्या नॉबने) पाडूनच पेडलला द्यावा.

काही पेडलांना मागे गिटार आणि लाइन यांच्यात बदलायचा स्विच असतो. इव्हेंटाइडच्या टाइमफॅक्टरला तो आहे. मूगच्या एमएफ-१०४ ला ड्राइव्हचा नॉबच होता, किती सिग्नल आत घ्यायचा ते हाताने ठरवायचं. असं काही असलेलं पेडल मिळत असेल तर जरूर घ्यावं. नसेल तर सिंथचा व्हॉल्यूम घड्याळाच्या दहा वाजण्याच्या जागी आणायचा आणि गेलेला आवाज पुढे मिक्सरच्या गेनने भरून काढायचा. आज मी मिनिलॉगवर हेच केलं. दोन वाजण्याच्या जागी नॉब असताना पहिल्या ठोक्यालाच खरखर होती, बाराच्या खाली आला तशी गेली, दहावर सगळं स्वच्छ. त्याखाली नेलं तर पेडलची सूं-सूं वाढते, म्हणून शून्यापर्यंत पळायचं कारण नाही.

जळण्याचाच विषय निघाला आहे तर खरी भीती कुठे आहे ते सांगतो, कारण भाच्याच्या टेबलावर ती नक्की असणार. मिनिलॉगला ९ व्होल्ट लागतात, बॉसच्या छोट्या पेडललाही ९ व्होल्टच. पण कॉर्गच्या प्लगचा मधला भाग धन असतो आणि पेडलच्या प्लगचा मधला भाग ऋण. पुण्याच्या तपकीर गल्लीत जे प्लगची टोकं बदलायचे, पोलॅरिटी (धन-ऋण) फिरवायचे अडॅप्टर मिळतात, ते एकाला लावून तसेच दुसऱ्याला खुपसले की उलटा करंट जातो. बऱ्याच पेडलांत त्यासाठी डायोड असतो, सगळ्यांत असेलच असं नाही. सिग्नलची वायर निर्धास्त लावा. अडॅप्टर लावताना मात्र प्लगवरचं ते छोटं चित्र दर वेळी बघा.

आता ‘उबदारपणा’. मूळ लेखात मी हा शब्द वापरलेला नाही. माझं म्हणणं याहून साधं आहे: सिंथसाठी डिले निवडताना, रिपीट, म्हणजे परत येणारा स्वर, कसा विझत जातो हे सगळ्यात आधी ऐकावं. किती सेकंद, किती मोड, किती प्रीसेट हे नंतर.

अ‍ॅनॉलॉग डिलेच्या पोटात बीबीडी नावाची चिप असते. बकेट ब्रिगेड. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी ती कल्पना १९६९ मध्ये मांडली. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग उभी करून बादल्या पुढे पुढे द्याव्यात, तसं एका कपॅसिटरमधला विद्युतभार पुढच्यात, त्याच्या पुढच्यात ढकलत न्यायचा. एमएन३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये अशा ४०९६ पायऱ्या आहेत. क्लॉक (बादल्या पुढे ढकलणारा ठोका) १० किलोहर्ट्झ असेल तर शेवटच्या पायरीवर पोचायला २०४.८ मिलिसेकंद लागतात. डिले लांबवायचा तर क्लॉक हळू करायचं. पण क्लॉक जितकं हळू तितके वरचे सूर त्यात मावत नाहीत. १० किलोहर्ट्झला जास्तीत जास्त ५ किलोहर्ट्झ, आणि फिल्टर त्याच्याही खाली बसवावा लागतो. म्हणून रिपीट मंद, जरा झाकलेला येतो. फीडबॅकमधून, म्हणजे रिपीट परत आत सोडला की, तो पुन्हा त्याच रांगेतून जातो, तेव्हा आणखी झाकला जातो. यात श्रद्धेचा भाग नाही, हे मोजता येतं.

आता हे गिटारवाल्यापेक्षा सिंथवाल्याला जास्त का लागतं, ते बघा. गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर सोडतच नाही. त्यामुळे गिटारवादकाने अगदी लख्ख डिजिटल डिले लावला तरी शेवटी स्पीकर त्याला मऊ करून देतो. सिंथ मात्र मिक्सरमधून थेट ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असलेल्या स्पीकरच्या पेटीत जातो. सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लाटेचे वरपर्यंतचे सगळे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तिथे उघडे पडतात, आणि लख्ख डिलेतला प्रत्येक रिपीट मूळ स्वराइतकाच धारदार राहतो. तुम्ही म्हणता गिटारचं पेडल गिटारसाठी. माझ्या कानाला तर मंद रिपीटची गरज सिंथलाच जास्त भासते.

हे मी लेखात लिहिण्याच्या कितीतरी आधी पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माडीवर ऐकलं होतं, आणि आज परत ऐकलं. पांढरी एक सा धरला. आधी भूप राग. सॉटूथ, फिल्टर अर्धा उघडा, डिले ३०० मिलिसेकंद, फीडबॅक बाराच्या थोडा पुढे. सा रे ग प ध, स्वरावर स्वर पडत गेले तरी काही बिघडत नाही, कारण भूपात एकमेकांपासून अर्ध्या स्वराच्या अंतरावर असलेले दोन स्वरच नाहीत. डिजिटलवरही छान, अ‍ॅनॉलॉगवरही छान. दुकानात बहुतेक लोक असंच काहीतरी वाजवून पेडल घेतात.

मग भैरव. सा लावला, सोडला आणि कोमल रे वर आलो. डिजिटलवर मागचा सा तितक्याच धारेने परत आला आणि रे च्या अंगावर पडला. सा २६१.६ हर्ट्झ, रे २७७ च्या आसपास. मूळ सुरांतच सेकंदाला पंधराएक थरथराटी होतात, वरच्या हार्मोनिकांत त्या पटीने वाढतात, आणि तो खरबरीतपणा तिथेच सगळ्यात जास्त टोचतो. रे हळुवार झुलवायला, म्हणजे आंदोलन घ्यायला, जागाच उरली नाही. तोच फीडबॅक, तोच वेळ ठेवून अ‍ॅनॉलॉगवर गेलो. सा परत आला, पण मागच्या खोलीतून आल्यासारखा, वरचे काटे झडलेले. रे पुढे, सा मागे. तिसऱ्या रिपीटपर्यंत त्याची नुसती सावली उरली होती आणि रे वर मला हवं तसं रेंगाळता आलं.

एवढ्यासाठी मी साधं अ‍ॅनॉलॉग म्हटलं होतं. टोन किंवा हाय-कट नॉब असलेलं डिजिटल पेडल हेच काम करू शकतं, तेही घ्या. तुमचा आक्षेप वाचल्यावर ही गोष्टसुद्धा लेखात हवी होती असं वाटलं. लख्ख रिपीट मऊ करायला ज्यात काहीच नाही, असं पेडल मात्र पहिलं म्हणून मी कुणाला सुचवणार नाही.

अ‍ॅनॉलॉगच्या नावाखाली काहीही विकतात, हे तुमचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं. मलाही एकदा एका दुकानात ‘प्युअर अ‍ॅनॉलॉग’ म्हणून जे पेडल दिलं, त्यात घरी येऊन झाकण उघडल्यावर पीटी२३९९ निघाली. ही चिप आतून डिजिटल आहे. भजनाच्या माइकला एको देणाऱ्या छोट्या बोर्डांवर तीच असते. दुकानदाराने फसवलं याचा राग आहेच, पण चिप वाईट नाही. कॉर्गच्या मोनोट्रॉन डिलेमध्येही तीच आहे. डेटाशीटप्रमाणे ३४२ मिलिसेकंदांना तिचं डिस्टॉर्शन (आवाजाचं बिघडणं) १ टक्क्यापर्यंत पोचतं, त्याच्यापुढे गढूळपणा आणि खरखर वाढत जाते. तीनशेच्या आत ती गोड वाजते. अ‍ॅनॉलॉगचे पैसे मोजून ती घेऊ नये, एवढंच.

मिडी. सिक्वेन्सर किंवा आर्पेजिएटर (स्वर आपोआप वाजवणारी सोय) चालवत असाल तर तुम्ही म्हणता ते बरोबर, मिडी क्लॉकला बांधलेलं डिले नसेल तर तासाभराच्या कार्यक्रमात ते कुठेतरी लयीतून घसरतं. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ ठोके देतं, आणि बॉसच्या डीडी-५०० किंवा डीडी-२०० सारखी पेडलं ते घेतात. हाताने वाजवणाऱ्याला, त्यातून समोर तबला असेल तर, क्लॉक मुळात नसतंच. तबलजी लय चढवतो तेव्हा आपण नॉब फिरवतो. हिशेब सोपा आहे: ६०,००० भागिले लय म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. शंभरच्या लयीत मात्रा ६०० ची, अर्धी मात्रा बरोबर ३००. एकशेवीसला अर्धी मात्रा २५०. तीनशेचं पेडल अपुरं वाटतं, पण अर्ध्या मात्रेचा रिपीट मध्य आणि द्रुत लयीत बहुतेक त्यात बसतो. विलंबितात बसत नाही, तेव्हा लांब डिले लागतो.

स्टिरिओचं उत्तर सिंथवर अवलंबून आहे. जुनो-१०६ सारखा स्टिरिओ कोरस असलेला सिंथ मोनो पेडलमध्ये घातला तर त्याचा जीवच जातो, तिथे स्टिरिओ पेडलच हवं. मिनिलॉगला आउटपुटच मोनो आहे. भाच्याला आज स्टिरिओची गरज नाही.

राहिलं प्लगइन. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवरच करत असाल तर खरंच पेडल घेऊ नका, पैसे वाचवा. पण वाजवताना मला हाताखाली नॉब लागतो, तो यासाठी: अ‍ॅनॉलॉगमध्ये रिपीट चालू असताना टाइमचा नॉब फिरवला की रांगेत आधीच शिरलेल्या बादल्यांचा वेग बदलतो आणि सूर घसरतो, मींडेसारखा. हळू फिरवला तर स्वर पुढच्या स्वरावर नेऊन ठेवता येतो. मी हे मालकंसात कोमल ध वरून कोमल नी वर जाताना करतो; दहातून तीनदा साधतं, आणि ती तीन वेळची मजा माउसने कधी आली नाही. काही डिजिटल पेडलांतही हे होतं, काहींत जुना रिपीट विरून नवा सुरू होतो. दुकानात जाल तेव्हा हे नक्की करून बघा, बॉक्सवर लिहिलेलं नसतं.

भाच्याला पेडल विकायला लावू नका. मिनिलॉगचा व्हॉल्यूम दहावर आणायला सांगा. मिनिलॉगचा स्वतःचा डिले बंद ठेवू दे, नाहीतर दोन्ही मिळून चिखल होतो. मिक्सर असेल तर त्याहून चांगलं: ऑक्स सेंडमधून (मिक्सरच्या जादा आउटपुटमधून) पेडलमध्ये, पेडलमधून एका मोकळ्या लाइन चॅनेलवर परत, आणि त्या चॅनेलचा लो-कट दाबून, म्हणजे खर्जाचे रिपीट साचत नाहीत. त्या परतीच्या चॅनेलचा ऑक्स मात्र शून्यावर हवा, नाहीतर हॉल शिट्टीने भरेल. पेडलला डायरेक्ट आउट असेल तर मूळ आवाज त्यातून वेगळा काढून घेता येतो, नसेल तर मिक्स पूर्ण ओल्या (वेट, म्हणजे फक्त रिपीटच्या) बाजूला फिरवायचा.

मूळ लेखात लेव्हलचा आणि अडॅप्टरचा परिच्छेद आजच घातला आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. हे सगळं करूनही आवाज फाटत असेल तर पेडलमध्येच दोष असू शकतो. तसं झालं तर इथेच लिहा. तुम्ही पुण्यातच आहात, भाच्याला पेडल आणि मिनिलॉग घेऊन एखाद्या रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. मल्टिमीटर आणि दुसरं पेडल काढून ठेवतो, दोन्ही शेजारी लावून भैरव वाजवून बघू.