फिटच्या गोळीने लकवा होतो? तो मेसेज आधी डिलीट करा

परळ-लालबागच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, फिटच्या गोळ्यांनी मेंदूत गुठळी होते. जीभ जड होणं आणि तोल जाणं हा लकव्याचा पहिला टप्पा. तेव्हा गोळ्या ताबडतोब बंद करा आणि फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवा. काल त्याखाली एका मुलीने विचारलं, "मग आईची एप्टॉइन आजपासून बंद करू का?" म्हणून हे लिहितोय.

आधी 'ताबडतोब बंद करा' हे बघू, कारण यात माणूस दगावू शकतो. रोजची गोळी एकदम तोडली की फिट उसळून येतात, कधी एकामागून एक, मध्ये शुद्धही न येता. पाच मिनिटं झाली तरी फिट थांबत नसेल तर ती आपोआप थांबेल म्हणून वाट बघायची नसते, 108 ला फोन करून हॉस्पिटल गाठायचं असतं. क्लोबाझाम, फिनोबार्बिटोन या गोळ्यांची तर शरीराला सवय झालेली असते; त्या अचानक सोडणं हेच फिटचं कारण ठरतं. साधारण दोन वर्षं एकही फिट आली नसेल तर डॉक्टर गोळी बंद करण्याचा विचार करतात. तेव्हाही डोस आठवड्या-महिन्यांनी थोडाथोडा उतरवतात.

जीभ जड होते, झोकांड्या जातात, हे मात्र खरं आहे. पण तो लकवा नव्हे, रक्तात औषध जास्त झाल्याची खूण आहे. फेनिटॉइनची, म्हणजे एप्टॉइनची, रक्तातली पातळी मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम असावी लागते. 20 च्या वर गेली की बाजूला बघताना बुबुळं झटके देत हलतात, 30 च्या आसपास चाल बिघडते, 40 च्या वर माणूस गुंगीत जातो, गोंधळतो. आणि हे औषध सरळ हिशेबाने चढत नाही. स्टेशनवर तिकिटाच्या सगळ्या खिडक्या भरल्या की चार माणसं जास्त आली तरी रांग पुलावर जाते, तसं औषधाचा निचरा करणाऱ्या यकृताचं होतं. डोस 300 मिलिग्रॅमचा 400 केला तर पातळी फक्त एक तृतीयांशाने न वाढता दुप्पटही होऊ शकते.

डोस तोच असूनही पातळी चढते, ती बहुतेक दुसऱ्या औषधामुळे. टीबीची आयसोनियाझिड फेनिटॉइनचा निचरा मंदावते, त्याच उपचारातली रिफाम्पिसिन तो वाढवते; म्हणून टीबीचे उपचार सुरू झाले की लेव्हल तपासून घ्यावी लागते. खोकल्या-तापासाठी दिलेली क्लॅरिथ्रोमायसिन टेग्रिटलची, म्हणजे कार्बामाझेपिन या फिटच्या दुसऱ्या गोळीची, पातळी चढवते. टेग्रिटलने वयस्कर माणसांचं सोडियमही उतरतं, सोबत बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच. मग सुस्ती आणि गोंधळ. लहान मुलांच्या घरी फेनिटॉइनचं सिरप बघा: औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता दिली तर सुरुवातीचे चमचे पातळ आणि शेवटचे चमचे कडक. पहिले पंधरा दिवस फिट येत राहतात आणि बाटली संपत आली की मूल झोकांड्या खाऊ लागतं.

या सगळ्यावर उपाय आहे. लेव्हल आणि सोडियम तपासायचं, डॉक्टर डोस बदलतात, त्रास उतरतो.

फरक ओळखायचा कसा? औषधाचा त्रास सहसा दोन्ही बाजूंना, तास-दिवसांत वाढत जाणारा. लकवा अचानक: ओठाचा एक कोपरा उतरतो, एकच हात खाली पडतो. फिट येऊन गेल्यावर काही तास, कधी दीड-दोन दिवस, एक बाजू लुळी राहते, तेही हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. लंडनच्या डॉ. रॉबर्ट टॉड यांनी 1849 मध्ये ते नोंदवलं, आजही त्याला टॉडचा पॅरालिसिस म्हणतात. पण घरी बसून हा निवाडा करू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून न्या.

आता गुठळीचं. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला अभ्यास आला: साठीनंतर पहिल्यांदा फिट सुरू झालेले 4709 जण आणि तितकेच फिट नसलेले. पहिल्या गटात पुढे लकव्याचा धोका जवळपास तिप्पट निघाला. संशोधकांनी त्यातून काय सांगितलं? उतारवयातली पहिली फिट हीच मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्याची आगाऊ सूचना असू शकते, तेव्हा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासा. मेसेज लिहिणाऱ्याने दोष गोळीवर ढकलला. एवढं मान्य करतो की फेनिटॉइन आणि टेग्रिटलने कोलेस्टेरॉल वाढतं. 2009 च्या एका अभ्यासात रुग्णांना लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन या फिटच्याच दुसऱ्या गोळ्यांवर नेल्यावर ते उतरलं. हा गोळी बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलण्याचा मुद्दा आहे.

कांदा-चप्पल: काही उपयोग नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा.

आणि त्या मुलीला: आईची आजची गोळी ठरलेल्या वेळी दे. तिची जीभ हळूहळू जड होत आली असेल तर उद्या सकाळची गोळी देण्याआधी तिचं रक्त लेव्हलसाठी तपासायला दे, आणि गेल्या महिनाभरात सुरू झालेल्या प्रत्येक औषधाची स्ट्रिप पिशवीत घालून ओपीडीत ने.