फोर बाय फोर आहे, हँडब्रेक ओढा आणि उतरा? थांबा

पावसाळी मासेमारी बंदी संपत आली की जेट्टीच्या उतारावरून होडी पाण्यात सोडण्याबद्दलचा एक सल्ला मोबाइलवरून मोबाइलवर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: गाडी फोर बाय फोर असेल तर शेवाळाला घाबरू नका, हँडब्रेक ओढा आणि निवांत उतरून काम करा. ओहोटीला या, उतार जास्त मोकळा मिळतो. आदल्या दिवशी जाडं मीठ टाका, शेवाळ मरतं. होडीचे पट्टे वरच सोडून ठेवा. चपला काढा आणि दोन माणसं मागे उभी करा. होडीच्या तळातल्या भोकाचं बूच विसरू नका.

सहापैकी एकच गोष्ट पूर्ण बरोबर आहे, ती शेवटची. बाकीच्या पाच एकेक करून घेऊ.

«फोर बाय फोर आहे, हँडब्रेक पुरतो»

फोर बाय फोरमुळे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. शेवाळावरची टायरची पकड त्याने वाढत नाही. शिवाय पायाचा ब्रेक कुठल्याही साध्या गाडीतसुद्धा चारही चाकांना लागतोच, म्हणजे थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरला आपोआप काही जास्तीचं मिळालेलं नसतं.

घोटाळा होतो तो हँडब्रेकवर. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. ट्रेलर रिव्हर्सने खाली नेताना नेमकी हीच चाकं पाण्याकडे, हिरव्या थरावर असतात आणि पुढची वर कोरड्यात.

आकड्यात बघा. गाडी १,९०० किलो, ट्रेलर-होडी-इंजिन मिळून ९०० किलो, उतार ८ला १ (आठ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली), ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. खाली खेचणारा जोर होतो साधारण ३५० किलोचा. मागच्या चाकांवर हुकाच्या भारासकट १,००० किलो धरले तर निव्वळ हँडब्रेकवर गाडी उभी राहायला वजनाच्या ३५ टक्के पकड हवी. स्वच्छ, खरबरीत काँक्रीट ओलं असलं तरी एवढी देतं. शेवाळाकडून तिची अपेक्षा धरू नका. पायाचा ब्रेक दाबलेला असतो तेव्हा पुढची चाकं कोरड्या काँक्रीटवर हा सगळा भार पेलत असतात. ड्रायव्हर हँडब्रेक ओढतो, ब्रेकवरून पाय काढतो, दार उघडतो, आणि त्याच क्षणी गाडी निघते. लोक म्हणतात, «एवढा वेळ तर उभी होती.» उभी होती ती पुढच्या चाकांवर. जाम झालेली मागची चाकं एकदा सरकली की गाडीची शेपूट आडवीही फिरते, आणि मग ट्रेलर उताराच्या कडेवरून खाली.

थार, जिम्नीसारख्या गाडीत फोर बाय फोरचा एक खरा उपयोग आहे, पण संदेशात तो नाही. लिव्हरने फोर-लो (फोर बाय फोरचा हळू, जास्त जोराचा गिअर) जोडलं की पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना बांधले जातात, त्यामुळे मागचा हँडब्रेक शाफ्टमार्फत पुढच्या चाकांनाही धरतो. अट एवढीच, की पुढची दोन्ही चाकं कोरड्यात हवीत. एक जरी शेवाळावर असलं तरी ते उलटं फिरून दुसऱ्याला मोकळं करतं. गरजेपुरती आपोआप जोडली जाणारी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर हा फायदा धरू नका.

म्हणून क्रम असा. चारही चाकं हिरव्या रेषेच्या वर राहतील एवढंच खाली जा. ट्रेलर आखूड पडत असेल तर त्याची दांडी लांब करून घ्या, गाडी आणखी खाली नेऊ नका. फोर-लो, पहिला गिअर, हँडब्रेक, आणि पुढच्या चाकांमागे कोरड्या काँक्रीटवर दोरी बांधलेले लाकडी ठोकळे. एवढं करूनही ड्रायव्हर जागेवरच बसलेला, पाय ब्रेकवर, काचा खाली, सीटबेल्ट सोडलेला. होडी सोडायचं काम दुसऱ्या माणसाचं.

ट्रॅक्टरवाल्यांनी हसू नये. साध्या टू-व्हील ट्रॅक्टरचा पायाचा ब्रेकसुद्धा मागच्याच चाकांना असतो, आणि डावा-उजवा वेगळा. दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी लावल्याशिवाय उतारावर जाऊ नका. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागेवर वळतो.

«ओहोटीला या»

उतार जास्त मोकळा मिळतो हे खरं. पण मोकळा झालेला तो भाग दिवसातला बराच वेळ पाण्याखाली असतो, म्हणून सगळ्यात बुळबुळीत. नारळी पौर्णिमेच्या सुमारास तर उधाण असतं. भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर धरला (मुंबईकडे तो याहून बराच जास्त) तर ८ला १ उतारावर १९ मीटरचा पट्टा उघडा पडतो. त्याच्या तळाला काँक्रीट संपतं. तिथे ट्रेलरचं चाक धारेवरून उतरलं की ते गाडीने ओढून वर येत नाही.

होडी सोडायची पूर्ण भरतीच्या आधीच्या तासात. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. बारा हिस्से केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं चढतं. २.४ मीटरच्या हिशेबात मधल्या तासात ६० सेंटिमीटर, म्हणजे उतारावर जवळजवळ ५ मीटर, तर शेवटच्या तासात २० सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटरच्या आसपास. या वेळेत पाण्याची कड वरच्या, कमी शेवाळाच्या भागात असते, फारशी हलत नाही, आणि होडी ट्रेलरवर अडकली तरी पाणी अजून चढतंच असतं. वेळेचा अंदाज घ्यायला तिथीची पाऊणपट हा जुना हिशेब चालतो (चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास), पण होडी सोडायची तर त्या बंदराचं भरतीचं कोष्टकच बघा.

पावसाळ्यात एक फसगत होते. भरतीरेषेच्या वरही पावसाच्या पाण्याचा पातळ, काळपट थर धरतो. तो हिरवा दिसत नाही. बुटाच्या टाचेने जोर देऊन घासा. टाच सरकली तर तो भागही शेवाळातच धरायचा.

«मीठ टाका»

समुद्राच्या शेवाळाला मीठ? ते खाऱ्या पाण्यातच वाढलेलं असतं, आणि पहिल्या लाटेत मीठ विरघळतं. ब्लीचिंग पावडरने शेवाळ मरतं, पण मेलेला थर घासून काढेपर्यंत तितकाच निसरडा राहतो, आणि क्लोरीन खाडीत जातं ते वेगळंच.

खरवडण्याला पर्याय नाही. त्याच दिवशीच्या ओहोटीला, म्हणजे होडी सोडायच्या साधारण सहा तास आधी, सपाट फावड्याने खरवडा आणि मग तारेच्या ब्रशने घासा. वरून सुरुवात करून खाली जा, म्हणजे पाय कायम साफ केलेल्या भागावर राहतो. दोन्ही चाकांखाली मीटर-मीटरभर रुंद पट्टे आणि कडेने चालायची एक वाट एवढं पुरतं. गोणपाट टाकायचं तर वरच्या कडीला बांधून टाका. सुटं गोणपाट चाकासकट सरकतं.

«पट्टे वरच सोडा»

मागचे रॅचेट पट्टे वर सपाटीवर सोडायचे, हे बरोबर. पण नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, लावलेला विंचचा (ट्रेलरवरच्या हाताने फिरवायच्या रहाटाचा) पट्टा आणि साखळी होडीची मागची बाजू तरंगायला लागेपर्यंत सुटता कामा नये. रोलरच्या ट्रेलरवर फायबरची होडी उतार लागताच मागे सरकते आणि इंजिनासकट काँक्रीटवर बसते. साखळी काढण्याआधी नाळेला ८-१० मीटर दोरी बांधा आणि ती कडेला कोरड्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही. विंच सैल करताना आधी हँडल घट्ट धरा, मगच खटका काढा. मोकळा सुटलेला हँडल मनगट मोडतो.

«अनवाणी व्हा, दोन माणसं मागे उभी करा»

काँक्रीटच्या कडांना कालवं धरलेली असतात. त्यांची धार पाय उभा चिरते. गमबूटही नकोत, पाण्याने भरले की पाय उचलत नाही. खाचांच्या रबरी तळव्याचे, घोट्याला घट्ट बसणारे बूट घाला. मागे मात्र कोणीच नको, दोन नाहीत आणि एकही नाही. घसरणारा ट्रेलर माणसाने थोपत नाही, आणि शेवाळावर त्याला बाजूलाही होता येत नाही. उभं राहायचं ते कडेला, ट्रेलरच्या चाकांच्या वरच्या अंगाला.

आता बूच. ते उतारावर नाही, वर सपाटीवर लावा, हाताने पिळून बघा आणि रबरी वायसर चिरलेला नाही ना तेही पाहा. ट्रेलरवरून सोडण्याआधी, होडी नुसती तरंगायला लागली की तळात हात घालून बघा. पाणी लागलं तर अजून साखळी लावलेलीच आहे, तशीच वर ओढून घ्या.