हे दोन चित्रपट बघाच

मराठी सिनेमावरच्या एका लेखात म्हटलंय की मराठीत आता सहकुटुंब बघायचे विनोदी सिनेमे सोडले तर फारसं काही उरलेलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. नुकताच रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहिला. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं, पण ते बाजूला ठेवा. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद सुतकाचे दहा दिवस काढायला गावी जातो. घर भावकीनं भरलेलं, जो तो त्याच्या लग्नाचं विचारतोय, आणि त्यात भेटतो लहानपणचा मित्र बाळ्या. दोघांमधलं प्रेम इतकं हळुवार उलगडतं की आरडाओरडा, मारझोड काहीच लागत नाही. मला सगळ्यात भावली ती आई. शिकलेली नाही, पण पोराला पुरतं ओळखून आहे आणि नातेवाइकांसमोर त्याला सांभाळून घेते. जयश्री जगताप यांनी ती काय केलीय! अशा बायका आपल्या गावोगावी आहेत, पडद्यावर मात्र क्वचित दिसतात. संथ आहे, हे खरं. पण सुतकातले दिवस संथच असतात ना?

त्यानंतर निखिल महाजन यांचा 'गोदावरी' पाहिला. नाशिकचा घाट, जितेंद्र जोशी, विक्रम गोखले. मधे थोडा रेंगाळतो, पण जोशींचा चिडका, आतून तुटलेला निशिकांत विसरता येत नाही.

असे सिनेमे थिएटरात आठवडाभरसुद्धा टिकत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. लागले की पहिल्या दोन दिवसांतच जा.