‘दोन वर्षांत कबर उकरतात आणि जागा विकतात’ : त्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारा दावा असा : ‘पालिकेच्या दफनभूमीत दोन वर्षांत कबर उकरतात, सांगाडे फेकतात, जागा दुसऱ्याला विकतात. पावतीला काही अर्थ नाही.’ यात खरं एवढंच, की जागा पुन्हा वापरली जाते.

‘विकतात’
महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार अंत्यविधीच्या जागा राखणं हे पालिकेचं बंधनकारक काम आहे. तिथली पावती दफनाची असते, जमिनीची नव्हे. ‘कायमची जागा देतो’ म्हणून कोणी पावतीशिवाय पैसे मागत असेल, तर ती लाच आहे. तक्रार जरूर करा.

‘दोनच वर्षांत’
आधी हिशेब पाहा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. वाट, कुंपण, शेड, पाण्याची टाकी यांत एक तृतीयांश गेलं, तर उरतात सुमारे २९,००० फूट. सात बाय तीनचा खड्डा आणि भोवतीचं अंतर मिळून ४० फूट धरले, तर ७२५ कबरी. रोज एक दफन झालं तरी दोन वर्षांत एकर संपतो. ठाण्यात नवा एकर आणायचा कुठून?

पण दोन वर्षं सगळीकडे पुरतातच असं नाही, आणि आमच्या मते खरी तक्रार इथे हवी. डोंगराकडच्या निचऱ्याच्या मुरमाड मातीत हवा खेळते, विघटन लवकर होतं. खाडीकाठच्या भरावात पावसाळ्यात पाणी वर येतं. हवा न मिळाल्याने शरीरातल्या चरबीचा मेणासारखा थर होतो आणि देह वर्षानुवर्षं टिकतो. प्लास्टिकचं आवरण, नायलॉनचे कपडे, पॉलिश केलेली जाड शवपेटी यांनीही तेच होतं. चुना टाकला की लवकर माती होते हा गैरसमज आहे. चुना विघटन लांबवतो. मीठही पाणी शोषून जंतूंना अडवतं. सुती कफन आणि हलक्या लाकडाची, विनापॉलिश पेटी बरी. लहान मुलांसाठी आणि लिंगायत, गोसावी समाजांतही दफन होतं, त्यामुळे हा प्रश्न एकाच धर्माचा नाही.

‘सांगाडे फेकतात’
नीट चाललेल्या ठिकाणी रांगेनेच, नोंदवहीतली तारीख पाहून कबर उघडतात. मऊ अवशेष दिसले तर तिथेच थांबून माती परत लोटायची आणि नोंदीत मुदत वाढवायची. फक्त हाडं उरली असतील तर ती गोळा करून त्याच खड्ड्याच्या तळाशी आणखी फूटभर खाली पुरतात, वर मातीचा थर देऊन मग नवं दफन होतं. ख्रिस्ती कुटुंबं बरेचदा अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. गडबड होते ती बहुधा नोंदवहीत : रांग क्रमांक लिहिलेला नसतो, पाटी वाहून जाते, आणि कामगार अंदाजाने फावडं मारतो.

‘पावतीला अर्थ नाही’
आहे. तिच्यावर तारीख, रांग आणि कबर क्रमांक लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. मात्र ती मृत्यूचा दाखला नव्हे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते : मुंबईच्या रुग्णालयात निधन आणि ठाण्यात दफन, तर नोंद मुंबईत. मुदत २१ दिवस. रुग्णालयात डॉक्टर मृत्यूचं कारण नमुना ४ वर देतात, घरी मृत्यू झाला तर उपचार करणारे डॉक्टर नमुना ४अ वर. हा कागद नसेल तर दफनभूमीच्या दारातच अडतं, म्हणून देह हलवण्याआधी तो हातात घ्या.